अर्ध्या उंचीची भिंत

जालना, शनिवार, रात्री

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी जो संध्याकाळचा अभ्यासवर्ग मी चालवतो, त्याबद्दल आज पुन्हा तेच ऐकावे लागले : "सर, पोरं पास होतात ना, मग एवढी डोकेफोड कशाला?" बोलणाऱ्याच्या मनात वैर नव्हते आणि म्हणूनच ते बोलणे अधिक लागले. उघड विरोध करणाऱ्याला उत्तर देता येते. पण 'भागतंय की' म्हणणाऱ्यांच्या सहवासात माणूस काही दिवसांनी स्वतःच तसे बोलू लागतो.

जेवणानंतर बायबलमधले नहेम्याचे पुस्तक उघडले. शूशन राजवाड्यात पर्शियाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा सेवक, असलेला हा यहूदी मनुष्य इ.स.पू. ४४५च्या सुमारास यरुशलेमेत (जेरुसलेममध्ये) आला आणि जळालेल्या वेशी व पडलेला तट पाहून कामाला लागला. त्याचा तिसरा अध्याय उपदेशासाठी सहसा कोणी निवडत नाही, कारण त्यात केवळ कोणी कुठला भाग बांधला याची जंत्री आहे. मला मात्र हाच अध्याय आवडतो. भिंत बांधणाऱ्यांत गवंड्यांची नावे शोधावीत, तर सापडतात सोनार आणि सुगंधी द्रव्ये तयार करणारे. शल्लूम नावाचा एक अधिकारी तर आपल्या मुलींसह कामाला उभा राहिलेला दिसतो. तकोवा या गावाच्या लोकांची नोंद या जंत्रीत दोनदा येते. पहिल्या नोंदीत लिहिले आहे की, त्यांनी आपला भाग बांधला, परंतु त्यांच्यातील सरदारांनी या कामाला मान वाकवली नाही. पुढे सत्ताविसाव्या वचनात त्याच तकोकरांनी आणखी एक भाग बांधल्याचे वाचायला मिळते. आपले पुढारी हात झटकून बाजूला झाले, हे निमित्त त्यांना पुरले असते. त्यांनी ते वापरले नाही.

या बांधकामाचे विरोधक सनबल्लट आणि तोबीया यांनी केलेली चेष्टा बायबल वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. कोल्हा चढला तरी ही भिंत कोसळेल, असे तोबीया म्हणाला होता. पण त्या थट्टेपेक्षा मला पुढची घटना अधिक महत्त्वाची वाटते. भिंत सगळीकडून सांधली जाऊन अर्ध्या उंचीपर्यंत आली, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर यहूदातलेच लोक म्हणू लागले की, ओझी वाहणाऱ्यांची शक्ती संपत आली आहे आणि मातीचा ढिगारा अजून पुष्कळ आहे. अर्ध्या उंचीची भिंत लांबून पाहणाऱ्याला भिंतच वाटते; ती ओलांडून कोणी आत येईपर्यंत तिचा अपुरेपणा लक्षात येत नाही. आमच्या मुलांचे पस्तीस-चाळीस टक्के तसेच आहेत. गुणपत्रिकेवर 'उत्तीर्ण' असते. पुढे तंत्रनिकेतनात किंवा नर्सिंगला प्रवेश घ्यायची वेळ आली की ते गुण बऱ्याचदा अपुरे पडतात.

जालन्यात राहून हे लिहिताना ख्रिस्ती झालेले ब्राह्मण धर्मप्रचारक नारायण शेषाद्री यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मिशनऱ्यांकडे राहिलेल्या धाकट्या भावाचा ताबा परत मिळवण्यासाठी त्यांच्या वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि शहरभर गदारोळ झाला. एवढे सोसल्यावर ते मुंबईतच राहिले असते, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण पुढे ते निजामाच्या मुलखात जालन्याला आले, प्रामुख्याने मांग समाजात काम केले, आणि राज्याचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवले. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो आणि मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की पास झाले तरी पुरे म्हणतो, याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो.

तरीही नावे ठेवणारा प्रत्येक जण सनबल्लट असतो, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. ओनोच्या मैदानात भेटायला ये, असा निरोप शत्रूंनी चार वेळा धाडला, तेव्हा नहेम्याने चारही वेळा एकच उत्तर दिले, की मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येणार नाही. मात्र पाचव्या अध्यायात गोरगरीब स्त्री-पुरुष रडत आले आणि धान्यासाठी शेते व घरे गहाण पडल्याचे, कर भरण्यासाठी कर्ज काढल्याचे, पोटच्या मुली दासी झाल्याचे सांगू लागले, तेव्हा त्याने त्यांना कामात अडथळा आणणारे ठरवले नाही. त्याने सभा भरवली, आपल्याच श्रीमंत बांधवांना फैलावर घेतले आणि शेते, घरे व वसूल केलेले व्याज परत करायला लावले. सावकाराच्या वहीत शेत अडकणे म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ही बाजू ऐकून घेऊनही तट ५२ दिवसांत, यहूदी पंचांगातील अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पूर्ण झाला.

तेव्हा आजच्या बोलण्याची मी दोन भागांत वाटणी केली आहे. 'एवढे कशाला' या प्रश्नासाठी वर्गाची पातळी खाली येणार नाही. दहावीची बीजगणिताची उदाहरणे पाठ करून नव्हे, तर समजूनच सोडवली जातील, आणि इंग्रजीचे परिच्छेद मुले स्वतःच लिहितील. दुसरे बोलणे दोन मातांचे होते. वर्ग साडेआठला सुटतो आणि मुलींना अंधारातून घरी यावे लागते, असे त्या म्हणाल्या. ती तक्रार रास्त आहे. सोमवारपासून वर्ग साडेपाचला सुरू करायचा. सभागृहाची किल्ली त्या वेळी मिळावी म्हणून उद्या उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलायचे आहे.