म्हापशाचं तेल, शिरगावचा मोगरा

आत्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पेपरांच्या गठ्ठ्यात होते. "सोमवारी मिलाग्रिसचं फेस्त आहे, आणि त्याच आठवड्यात लईराईची जत्रा. दोन वर्षं कोरोनाने सगळं बंद होतं. यंदा तुझा आतेभाऊ धोंड झालाय. ये." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मिलाग्रिस म्हणजे गोव्यातल्या म्हापशाच्या चर्चमधली मेरीमाता, फेस्त तिचा सण. लईराई ही शिरगावची देवी, आणि धोंड म्हणजे तिच्या जत्रेत निखाऱ्यांतून जाणारे व्रती. पेपर मी रात्री जागून संपवले आणि रविवारी सकाळी सावंतवाडी स्टँडवरून म्हापशाची बस पकडली. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला हद्द ओलांडली की रस्ता तोच, माडही तेच, पण घरांच्या अंगणात तुळशीवृंदावनाबरोबर पांढरे खुरीस, म्हणजे क्रूस, दिसायला लागतात. लहानपणी आईच्या मांडीवर बसून मी ते मोजायची.

तो 2022 चा मे महिना होता. सोमवारी फेस्त, मंगळवारी रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी, आणि मग लगेच शिरगावची जत्रा. असा आठवडा मी त्याआधी पाहिला नव्हता.

सोमवारी सकाळी आत्याने देवघरातली पूजा आटोपली, खोबरेल तेलाची बाटली पिशवीत घातली आणि शेजारच्या आंटीला हाक मारली. आंटी फुलाफुलांचा फ्रॉक घालून तयारच होती, हातात मेणबत्त्यांचा जुडगा. "बाय, तेल हाडलां मगे?" तिने मला विचारलं. नव्हतं आणलं. तिने वाटेवरच्या दुकानातून मला एक छोटी बाटली घेऊन दिली, पैसे घेतले नाहीत.

म्हापशाची सेंट जेरोमची इगर्ज, म्हणजे चर्च, 1594 सालची, पण तिला या नावाने ओळखणारं माणूस मला म्हापशात भेटलेलं नाही. सगळ्यांसाठी ती मिलाग्रिसची इगर्ज. आवारात सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती ठेवलेली, आणि तिच्यापुढे लांबच लांब रांग. रांगेत नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या, कपाळाला कुंकू लावलेल्या बायका, गळ्यात मंगळसूत्रं. आणि त्यांच्याच मागे-पुढे फ्रॉकवाल्या बायका, सुटातले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेले बाप. कोण कुठला हे विचारायची कोणाला गरज पडत नव्हती. प्रत्येकाच्या हातात तेल.

माझी पाळी आली. बाटलीचं बूच हाताला लागलेल्या तेलामुळे निघेना, तेव्हा मागच्या एका आजींनी ते दाताने काढून दिलं. मी तेल ओतलं. माझ्याआधी शेकडो लोकांनी ओतलेलं तेल मूर्तीवरून निथळत होतं, आणि त्या चकाकीत मेणबत्त्यांची ज्योत हलत होती. खोबरेलाचा, मेणाचा आणि झेंडूचा मिळून एक वास तिथे दाटून आला होता. आत्याने हात जोडले, आंटीने खुरीस काढला, आणि दोघींनी आपापल्या बोटांना लागलेलं तेल माझ्या डोक्याला पुसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाहेर फेरी, म्हणजे फेस्ताचा बाजार, भरली होती. गुळात घोळलेलं, आल्याच्या तिखटाने जीभ चुरचुरवणारं खाजें, भाजलेले चणे, मातीची मडकी, लाकडी पाट आणि खुर्च्या. आणि पुरुमेंताचं सामान: सुके बांगडे, सोडे, जवळा, सोलां म्हणजे आमसुलं, चिंचेचे गोळे, लाल मिरच्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे पुरुमेंत. पोर्तुगीज शब्द गोव्याच्या तोंडात इतका मुरला आहे की आत्याही सहज म्हणते, "पुरुमेंत भरायचंय अजून." फेस्ताला सायबिणीचं दर्शन आणि घरी परतताना पावसाळ्याची तजवीज, दोन्ही एका खेपेत. सण आणि ऋतू इथे असे हातात हात घालून येतात. आंटीने आत्यासाठी मिरच्या निवडल्या, आत्याने आंटीसाठी सोलांचा भाव पाडून घेतला.

मंगळवारी मामांच्या दुकानाशेजारच्या कपड्याच्या दुकानदाराकडून शीरखुर्म्याचा डबा आला आणि त्याच डब्यातून आत्याने अक्षय तृतीयेची पुरणपोळी परत पाठवली. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे तिने मला लहानपणीच शिकवलं होतं.

त्या दुपारी मी तिला गोष्ट पुन्हा सांगायला लावली. सात बहिणी आणि एक भाऊ. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, आणखीही, भाऊ खेतोबा. लईराईने खेतोबाला विस्तव आणायला पाठवलं, तो वाटेत पोरांबरोबर खेळत बसला. उशिरा आला तेव्हा तिने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. मग पश्चात्तापाने ती निखाऱ्यांवरून चालली. म्हणून दर वैशाख शुद्ध पंचमीला तिचे धोंड निखाऱ्यांतून जातात. आणि त्या सात बहिणींतली एक, मिराबाय, म्हापशात राहिली. तीच मिलाग्रिस सायबीण. पूर्वापार सांगतात की जत्रेला सायबिणीकडून लईराईला तेल जातं आणि लईराईकडून सायबिणीला मोगरा येतो.

लहानपणी ही गोष्ट मला नुसती गोड वाटायची. आता नकाशा डोळ्यांपुढे ठेवून ऐकली तर तिच्यातला इतिहास अंगावर येतो. म्हापसा बार्देश तालुक्यात, बार्देश सोळाव्या शतकाच्या मध्यालाच पोर्तुगीजांकडे गेला. तिथली देवळं पाडली गेली, गावंच्या गावं बाटली, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. शिरगाव डिचोलीत, आणि डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आमच्या सावंतवाडीकर भोसल्यांकडे होती. पोर्तुगीज तिथे पोचले तोवर देवळं पाडण्याचे दिवस सरले होते. म्हणून दोन्हींच्या मधल्या अस्नोड्याच्या अलीकडची बहीण सायबीण झाली आणि पलीकडची देवीच राहिली. घरं तुटली असतील, माणसं रातोरात नावं बदलून बसली असतील, कोणी देव पाठीवर घेऊन नदीपार पळालं असेल. एवढं सगळं सोसलेल्या लोकांनी ते कसं सांगून ठेवलं? तर बहिणी वेगळ्या घरी नांदतात, असं. गोव्यातल्या सलोख्याबद्दल भाषणं बरीच होतात, पण या लोकांनी सलोखा हा शब्दही न वापरता नातं लावलं, आणि नातं लावलं की ओटी, तेल, फूल पाठवणं ओघानेच आलं.

जत्रेच्या दिवशी संध्याकाळी आम्ही अस्नोड्यावरून शिरगावला गेलो. आतेभाऊ काही दिवस आधीच घरातून बाहेर पडला होता. धोंडांचं व्रत कडक असतं: आंघोळीचं सोवळं, मासळी वर्ज्य, इतर धोंडांबरोबर एकत्र राहणं आणि एकत्र शिजवून जेवणं. पाण्यातलं माणूस आमचं, बांगड्याशिवाय घास न गिळणारं. तो हे सगळं बिनतक्रार करतोय याचं आत्याला फार अप्रूप. तो दिसला तेव्हा मी ओळखलाच नाही. उघडं अंग, ओलं धोतर, हातात रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी, आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार असे की हनुवटी दिसेना.

शिरगावात त्या रात्री दुसरा वासच नसतो. केळीच्या सोपात ओवलेल्या कळ्या टोपल्यांनी विकायला बसलेल्या असतात, देवळात कलशाच्या रूपातली देवी मोगऱ्यात बुडालेली असते, आणि हजारो धोंडांच्या अंगावरचा मोगरा उकाड्याने हळूहळू उमलत जातो. संध्याकाळी कळी होती ती मध्यरात्री फूल झालेली असते. ढोल वाजत असतात, धोंड काठ्या एकमेकांवर आपटत नाचत असतात.

होमकुंडाचा लाकडांचा डोंगर रात्री पेटवला. ज्वाळा इतक्या वर गेल्या की आम्ही होतो तिथून मागे सरावं लागलं. तोंड भाजत होतं. मग तासन्‌तास ते जळणं, ढासळणं, निखाऱ्यांचं लाल होणं. पहाटे गर्दीत एकदम लाट आली आणि धोंड धावायला लागले. आत्याने माझा दंड घट्ट धरला होता, तिची नखं रुतली. एकामागून एक माणसं निखाऱ्यांतून जात होती, ठिणग्या उडत होत्या, देवीच्या नावाचा गजर होत होता. आतेभाऊ कुठल्या क्षणी निखाऱ्यांतून गेला ते आम्हाला दिसलंच नाही. दिसला तो पलीकडे, वडाच्या झाडावर आपले हार भिरकावताना. जवळ आला आणि फक्त "पाणी" म्हणाला. आत्या तिथेच धुळीत बसली आणि तिने त्याचे पाय मांडीवर घेतले. तळवे काळे होते, राखेने. पदराने पुसत राहिली, बोलली काहीच नाही.

हे लिहिताना हात थबकतो. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. बातमी ऐकली तेव्हा मला पहिली आठवली ती तिथली अरुंद उताराची वाट, आणि तिच्यावरून आत्याचा हात धरून खाली उतरलेली मी. एवढ्या श्रद्धेने लोक येतात, त्यांना निर्धास्त चालता येईल अशी वाट आणि मोकळी जागा मिळायलाच हवी. देवीने निखाऱ्यातून पाय राखले तरी गर्दी सांभाळणं हे माणसांचं काम आहे.

त्या वर्षी आम्ही सुखरूप परतलो. उजाडता उजाडता म्हापशाला पोचलो तेव्हा आंटी झाडू घेऊन अंगणातच उभी होती. रात्रभर झोपली नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. आतेभावाकडे बघून तिने आधी त्याचे पाय दाखवायला लावले. मग आत्याकडे वळून म्हणाली, "म्हजो वांटो हाडला मगे?" माझा वाटा आणलास ना?

आत्याने पिशवीतून देवीच्या प्रसादाचा हार काढला, मधोमध तोडला. अर्धा घेऊन ती आत देवघराकडे गेली. उरलेला अर्धा आंटीने दोन्ही हातांत घेतला, अंगणातल्या खुरीसाच्या पायाशी ठेवला, आणि त्यातलं एक उमललेलं फूल काढून माझ्या वेणीत खोवलं.