एका ६.८ केच्या रेझिस्टरपायी दोन महिने

माझा गिटारचा अॅम्प फेंडर कंपनीच्या एबी७६३ सर्किटवर बांधलेला आहे. नावातच महिना आणि साल आहे, जुलै ६३. दोन ६व्ही६ ट्यूब, रिव्हर्ब (घुमारा) नाही. किट मागवून मीच जोडलेला. घरी एकटा वाजवतो तेव्हा त्याच्या क्लीन आवाजावर जीव जातो. पण तालमीला बसलो, ड्रम आणि बास सुरू झाले, की माझी गिटार कुठे गेली ते मलाच ऐकू येईना. व्हॉल्यूम वाढवला की गायक वैतागायचा.

दुखणं मिडचं, म्हणजे मधल्या सुरांचं होतं. या सर्किटात ट्रेबल आणि बासला नॉब आहे, मिडला नाही. मिडच्या जागी ६.८ केचा (म्हणजे ६,८०० ओहमचा) रेझिस्टर कायमचा बसवलेला. त्यामुळे साधारण चारशे हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, आणि गिटारचं सगळं अंग नेमकं तिथेच असतं.

टोन स्टॅकचे (ट्रेबल, मिड, बास ठरवणाऱ्या भागाचे) आलेख काढून देणारं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन रात्री घालवल्या. फेंडर: १०० केचा स्लोप रेझिस्टर (बास आणि मिडकडे जाणाऱ्या वाटेवरचा), ट्रेबलला २५० पिकोफॅरडचा कपॅसिटर, बासला ०.१ आणि मिडला ०.०४७ मायक्रोफॅरड. मार्शल, म्हणजे दुसरी अॅम्प कंपनी: ३३ के, ५०० पिको, बाकी दोन्ही ०.०२२. मार्शलचा खड्डा उथळ, आणि तोही जरा वरच्या बाजूला सरकलेला. गंमत अशी, की मार्शलचा १९६२ चा पहिला अॅम्प, जेटीएम४५, मुळात फेंडरच्या बासमनवरूनच उतरवलेला. म्हणजे फेंडर की मार्शल यावर लोक हिरिरीनं भांडतात ते भांडण एकाच घरातल्या दोन भावांचं आहे.

मार्शलचे आकडे लावून बघायचं ठरवलं आणि बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं. ‘दादा, २२३ द्या, सहाशेतीस व्होल्टचे.’ २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. समोरून ड्रॉवर उघडला, चार दाणे पुडीत आले. घरी येऊन मी ते न वाचता लावले. चूक माझीच.

आता हे काम करताना एक सांगतो. अॅम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरांत चारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. मी १० केचा पाच वॉटचा रेझिस्टर क्लिपनं शॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडतो, त्याचं दुसरं टोक प्रत्येक कपॅसिटरला लावून ठेवतो, मीटरवर आकडा शून्याजवळ आलेला डोळ्यांनी बघतो आणि मगच हात घालतो. चालू अॅम्पवर मोजायचं असेल तर डावा हात खिशात.

मार्शलचे सगळे आकडे बसवून अॅम्प लावला तर आवाज मोकळा व्हायच्या ऐवजी घुसमटलेला. तिसऱ्या दिवशी बासचा नॉब फिरवला की खरखर. मीटर लावला तर पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरवर) डीसी! तिथे ते असायलाच नको. भिंग घेऊन कपॅसिटर वाचला: २ए२२३जे. ‘२ए’ म्हणजे शंभर व्होल्ट. मला हवा होता ‘२जे’. या स्टॅकच्या पलीकडे थेट ट्यूबची प्लेट (जिथून आवाज बाहेर पडतो ते टोक) आहे, तिथे दोनशेच्या आसपास डीसी असतो. बिचारा शंभरचा दाणा किती दिवस अडवणार?

कपॅसिटर बदलले, खरखर गेली. घुसमट तशीच. ती कळायला आणखी आठवडा लागला. मार्शलमध्ये टोन स्टॅक कॅथोड फॉलोअरच्या (भाराखाली न दबणाऱ्या ट्यूबच्या जोडणीच्या) मागे असतो, तिचा स्वतःचा अंतर्गत रोध जेमतेम सहाशे ओहम. माझ्याकडे तो पहिल्या ट्यूबच्या प्लेटवर लटकलेला, तिथे अडतीस हजार. एवढ्या अशक्त खांद्यावर ३३ के टाकला की ट्यूबच दबते. मी मार्शलचे आकडे उचलले होते, मार्शल नाही.

मग ३३ के काढून ५६ के लावला (जेटीएम४५ मध्येही तोच असतो), २५० पिको परत आणला, आणि ६.८ केच्या जागी २५ केचा लिनियर पॉट बसवला. नॉब दहापैकी पावणेतीनवर ठेवला की तिथे जुना ६.८ के मिळतो, पुढे नेला की खड्डा भरत जातो. १०० आणि ५६ मधली निवड एका छोट्या स्विचवर घेतली. स्विच टाकला की स्पीकरमधून ‘ठप्प’ यायचं. स्विचला समांतर १० मेगओहमचा रेझिस्टर लावला, ठप्प बंद.

ऐकून ठरवायची वेळ आली तेव्हा भाच्याला बसवलं. मी पाठमोरा वाजवणार, तो मला न सांगता बदलणार: एकदा जुना आवाज, एकदा ५६ के आणि मिड पूर्ण वर. दहा वेळांपैकी नऊ वेळा मला नवा आवडला. खूष! मग शंका आली म्हणून फोनमधून पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला सळसळाट) सोडून स्पीकरवर व्होल्ट मोजले. नवा जवळजवळ दीडपट जास्त. मी नऊ वेळा नुसता मोठा आवाज निवडत होतो की काय? व्हॉल्यूमच्या नॉबवर पेनानं दोन खुणा केल्या आणि पातळी सारखी करून परत बसलो. आता पाच इकडे, पाच तिकडे.

‘मामा, मग एवढं सगळं केलं कशाला?’

त्याला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. रविवारी अॅम्प तालमीला नेला. आधी स्विच १०० वर, मिड पावणेतीनवर: दोन गाणी गिटार परत गायब. मग फक्त मिड सातवर नेला, स्विचला हात नाही, व्हॉल्यूम उलट थोडा खाली. ड्रमरनं वाजवता वाजवता मान वर करून माझ्याकडे बघितलं. ५६ के लावून पुढचं गाणं वाजवलं, तेव्हा तो खाली बघूनच वाजवत होता.

स्विच अजून शॅसीवर आहे. भोक पाडलंय, आता काढून काय करू.