ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक पॅड

पुण्याहून कोइंबतूरच्या करी स्पीडवे या रेसिंग ट्रॅकला निघायच्या आधीच चाकं काढून पॅड बघा. पॅडवरचं अस्तर, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, ५ मिमीपेक्षा कमी असेल तर नवे घाला. शहरात ते अजून बरेच चालले असते, ट्रॅकवर नाही. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय? बहुधा कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यावर सरकतो ती पिन, अडकलीय. पिन पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, नुसते पॅड बदलून भागत नाही. नवे पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू शकते, तेवढं लक्ष ठेवा.

ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३०° से., ओलावा शिरल्यावर १५५° से. पर्यंत येतो, मग ऑइल उकळलं की ब्रेक पेडल थेट खाली. पावसाळ्यानंतर बदलाच.

सोबत टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायला), जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायला), व्हर्निअर (अस्तराची जाडी मोजायला). ट्रॅकवरच्या सेशननंतर ब्रेक तापलेले असतात, हँडब्रेक ओढू नका.