काकांच्या हातातली थरथर थांबली तो सोमवार

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, आठ वर्षं झाली. सोमवारची पहिली शिफ्ट होती. काका आठवड्यातून दोनदा येतात, शुगरने किडन्या गेल्या त्यांच्या. वजन करून नेहमीच्या बेडवर आले, सुई घालायच्या आधी मी सवयीने हातावरच्या फिस्टुल्यावर बोटं ठेवली तर रक्त वाहताना लागते ती थरथरच लागेना. स्टेथोस्कोप लावला, तो घर्र घर्र आवाजही नाही. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली ती जागा म्हणजे डायलिसिसवाल्याचा जीवच, आणि ती रातोरात गोठून बंद पडलेली.

डॉक्टरांनी विचारलं बीपी डाऊन झालं होतं का, त्या हातावर झोपलात का, काका नाही नाहीच म्हणत होते. मग काकू हळूच बोलल्या, "यांनी बिडी परत धरलीय, दिवसाला बंडल संपतं."

काका म्हणाले, "अहो ताई, बिडीनं फुप्फुस खराब होतं, माझा एक्सरे क्लीन आहे. किडनीचा काय संबंध?"

मला हे फार लागलं, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. जुनी फाईल उघडली तर लघवीतून प्रोटीन जायला लागलं तेव्हापासूनच्या प्रत्येक पेपरवर 'स्मोकर, येस' लिहिलेलं. लिहिलं सगळ्यांनी, समोर बसून समजावलं कोणीच नाही, मीसुद्धा पाणी किती प्यायलात, मीठ खाल्लं का एवढंच विचारत आले.

मग त्यांच्याजवळ बसले. म्हटलं काका, एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, सगळा बारीक रक्तवाहिन्यांचा कारभार, निकोटीनने त्या आवळतात, बीपी चढतं आणि शुगर असली की गाळण्या अजून लवकर निकामी होतात. रक्ताची गुठळीही पटकन होते. फिस्टुला बिडीनेच गेला असं छातीठोक नाही सांगता येणार, पण बिडी ओढणाऱ्यांचे फिस्टुले जास्त बंद पडतात हे खरंय.

काका काहीच बोलले नाहीत. मानेत नळी टाकून डायलिसिस लागेपर्यंत दुपारचे दोन वाजले. आता दुसऱ्या हाताला नवीन फिस्टुला करायचा, तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागणार.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, हे दहा वर्षांपूर्वी कोणी असं सांगितलं असतं तर ऐकलं असतं का हो यांनी?"

मला उत्तर देता आलं नाही. पण मंगळवारपासून वजनकाट्यावर उभ्या प्रत्येकाला पाण्याच्या आधी बिडी, सिगरेटचं विचारते.