ड्राय मीडसाठी मध निवडताना: एक लिटरच्या चाचण्यांची नोंद

चाखायला छान लागणाऱ्या मधाचं ड्राय मीड (मध आंबवून केलेलं, गोडी न उरलेलं मद्य) छान होईलच असं नाही. मधात साखर साधारण ८० टक्के, आणि ती बाकीच्या सगळ्यावर पांघरूण घालते. यीस्टने साखर संपवली की उरतं ते आम्ल, सुगंध आणि असलाच तर कडवटपणा. निवड करायची ती या उरलेल्या ऐवजावर. म्हणून मोठा घाट घालण्याआधी वेगवेगळ्या फुलांच्या प्रत्येक मधाची एकेक लिटर चाचणी.

माप सगळ्यांना सारखं: २७५ ग्रॅम मध, वर पाणी घालून एकूण १ लिटर. ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, पाणी १.०००) १.०८० च्या आसपास येते आणि तळापर्यंत आंबलं की अल्कोहोल साधारण ११ टक्के. मात्र फक्त वजनावर विसंबू नये, ग्रॅव्हिटी मोजणारा तरंगता हायड्रोमीटर बुडवून बघावाच. हेदरच्या मधात पाणी जास्त असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आकडा खाली येतो आणि थोडा मध वाढवावा लागतो. हा मध बरणीत जेलीसारखा थिजलेला असतो. चमच्याने ढवळला की पातळ होतो, ठेवून दिला की पुन्हा थिजतो. तो खराब झालाय असं समजून टाकून देऊ नका. साखर धरलेला मध ४० अंशांच्या पाण्यात बरणी ठेवून सैल करायचा. उकळायचा नाही, नाहीतर ज्या सुगंधासाठी ही निवड चाललीय तोच वाफेबरोबर जातो.

यीस्ट सगळीकडे एकच, डी-४७ हे वाइनचं यीस्ट, आणि तापमान १७-१८ अंश. हे यीस्ट २० अंशांच्या वर गेलं की फ्युजेल अल्कोहोल (जड, जळजळीत अल्कोहोल) सोडतं. मग घशाला जळजळ होते आणि दोष बिचाऱ्या मधावर जातो. मधात नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून सेंद्रिय पोषक फर्मेड-ओ लिटरला एकूण ०.८ ग्रॅम, चार हप्त्यांत: २४, ४८ आणि ७२ तासांनी, आणि चौथा हप्ता ग्रॅव्हिटी १.०५३ ला उतरल्यावर. प्रत्येक वेळी आधी भांडं हळूहळू फिरवून गॅस काढायचा. कोरडी पूड थेट टाकली तर फेस उसळून ओट्यावर येतो. १ लिटरला दीड लिटरचं भांडं घ्यायचं ते यासाठीच.

मध पीएच सांभाळून धरत नाही, त्यामुळे आंबवण रंगात असताना पीएच झपाट्याने घसरतो. ३.२ च्या खाली गेला आणि फसफस मंदावली तर पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला पाव ग्रॅम, मग पुन्हा मोजणी. चेस्टनटच्या मधाचा पीएच मुळातच चढा असल्याने तिथे ही वेळ सहसा येत नाही.

सध्या सगळ्या बाटल्या ०.९९६ ते ०.९९८ दरम्यान थांबल्या आहेत. अकेशिया सर्वात मागे राहिला. त्यात फ्रुक्टोज जास्त आणि यीस्ट आधी ग्लुकोजवर ताव मारतं, त्यामुळे १.००५ च्या खालचे शेवटचे अंश फार रेंगाळतात. तो अडकला असं समजून नवं यीस्ट ओतायची घाई नको. आणि वाचन घेण्याआधी नमुन्यातला गॅस झटकून टाका. बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलून धरतात आणि आकडा खोटाच चढा दिसतो.

चवीला संत्र्याच्या मोहोराचा मध सगळ्यांच्या पुढे. त्यातलं मिथाइल अँथ्रानिलेट हे सुगंधी द्रव्य साखरेवर अवलंबून नाही, त्यामुळे पार कोरड्या मीडमध्येही फुलांचा वास टिकतो. क्लोव्हर सरळ, स्वच्छ, थोडा पाणचट; पहिल्यांदा करणाऱ्याने हाच घ्यावा, कारण यीस्टची चूक त्यात लगेच कळते. अकेशिया कोरडा झाल्यावर फारच पातळ लागतो, त्याच्या नाजूकपणाचं कौतुक गोड मीडपुरतंच. लिंडनचा पुदिन्यासारखा थंडावा काहींना औषधी वाटेल. चेस्टनट कडू आणि तुरट. बकव्हीट निव्वळ घेतला तर गोठ्याचा वास पुढे येतो. गोडव्याआड तो मळीसारखा वाटत होता.

तरीही गडद मध बाद नाहीत. फिक्या मधाच्या मीडला अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) कमी पडतं ते यांच्याकडून मिळतं. त्यासाठी तयार मीड ५० मिलिच्या पेल्यांत मिसळून पाहायचं: क्लोव्हर ४५ मिलि आणि चेस्टनट ५, मग ४२.५ आणि ७.५. बकव्हीट मात्र २ मिलिपासून सुरू करावा. जे प्रमाण पटेल, त्याच प्रमाणात पुढच्या ४ लिटरच्या खेपेसाठी १.१ किलो मध सुरुवातीलाच वजन करून एकत्र करायचा. गाळावरून नळीने उतरवलेल्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून थंड जागी ठेवल्या आहेत. गडद मधाच्या बाटल्यांचा निकाल तीन महिन्यांच्या आत लावू नये, कारण कोवळेपणी त्यांचा कडवटपणा असतो त्यापेक्षा जास्त बोचतो.