रविवारचा बेत: चुरा लावून तळलेले पोर्क चॉप

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. घरी माणसं जेवायला येणार असतील तर खाटकाकडची फेरी शनिवारीच उरकावी लागते. आम्ही राहतो श्टुटगार्टजवळ, श्वाबेन मुलखात. माझ्या सासरी सगळे जमले की बेत बहुतेक ठरलेलाच: ब्रेडचा चुरा लावून तळलेले पोर्क चॉप आणि बटाट्याचं सॅलड.

भारतातून आलेले पाहुणे हॉटेलात श्निट्झेल, म्हणजे चुरा लावून तळलेला बिनहाडाच्या मांसाचा पातळ तुकडा, मागवतात, आणि ते छानच लागतं. (नुसतं 'वीनर श्निट्झेल' म्हटलं की इथे ते वासराचंच असावं लागतं. डुकराचं असेल तर मेन्यूवर तसं स्पष्ट लिहितात.) पण घरच्या जेवणात मला हाडासकटचा चॉप, म्हणजे इथला 'कोटलेट', कितीतरी जास्त आवडतो. हाडालगतचं मांस रसाळ राहतं आणि कडेच्या चरबीची चव पातळ श्निट्झेलला येत नाही.

चॉप साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे घ्यावेत. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्यायच्या, म्हणजे ते तव्यात आक्रसून वाकडे होत नाहीत. पुसून अगदी कोरडे करायचे आणि मीठ-मिरपूड थेट मांसालाच चोळायची. सासूबाई वरून मस्टर्डचा पातळ हात फिरवतात, मीही फिरवते. मग ओळीने तीन ताटल्या: मैदा, फेटलेली अंडी, ब्रेडचा चुरा.

खरी मेख या चुऱ्यात आहे. बोंबील रव्यात घोळवताना आपण रवा दाबून बसवतो, इथे नेमकं उलट. "दाबू नकोस, नुसतं उलटंपालटं कर आणि झटक," असं सासूबाई प्रत्येक वेळी सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. हलक्या हाताने लावलेलं आवरण तळताना वाफेने जरासं सुटतं, फुगतं, त्याला सोनेरी लाटा येतात. दाबलेलं आवरण मात्र घट्ट होतं आणि तूप पितं. चुरा लावून चॉप ठेवूनही द्यायचे नाहीत. ओल सुटून तो चिकट होतो. लावला की लगेच तव्यात.

तळायला इथे बुटरश्माल्त्स वापरतात, म्हणजे आपलं साजूक तूपच. साधं लोणी नको, त्यातला दुधाचा अंश करपतो. तुपात हात आखडता घेऊ नये, चॉप त्यात सैल सरकला पाहिजे. लाकडी चमच्याचा दांडा बुडवला की भोवती बारीक बुडबुडे यायला हवेत. मग मध्यम आचेवर एकेक बाजू चार-पाच मिनिटं, अधूनमधून चमच्याने वरून तूप सोडत. हाडाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, म्हणून मी तिथे थर्मामीटर खुपसून बघते: आत ७० अंश आणि ते दोन मिनिटं टिकलेलं असावं. तळलेले चॉप एकावर एक रचू नयेत, खालचे मऊ पडतात.

सॅलड आधीच करून ठेवायचं. उत्तर जर्मनीत त्यात मेयोनीज घालतात, आमच्याकडे ते चालत नाही. न फुटणारे बटाटे सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलून पातळ चकत्या करायच्या. वर बारीक कांदा, व्हिनेगर, मस्टर्ड आणि मांसाचं गरम, पातळ सूप. तेल सगळ्यात शेवटी, आधी घातलं तर बटाटा सूप शोषून घेत नाही. ढवळताना ओलसर चपचप आवाज आला की सॅलड जमलं. ते कोमटच वाढतात. चॉपबरोबर लिंबाची फोड हवीच.

हा बेत तिकडे करायचा असेल तर पॅकेटमधल्या चुऱ्यापेक्षा शिळा ब्रून पाव वाळवून जाडसर कुटा. चॉप वसईत, वांद्र्याला किंवा गोव्यात पोर्क विकणाऱ्याकडून हाडासकट कापून घ्या. उरलेच तर दुसऱ्या दिवशी थंडच, पावात घालून मस्टर्डबरोबर खा. आमच्याकडे मुलं डब्यात तेच मागतात.