स्क्रीनवर 10 मीटर

ड्रोन पडला त्याला तीन आठवडे झाले. नवीन पंखे बसले, कॅमेरा दुरुस्त झाला, पण ती सकाळ काही डोक्यातनं जात नाही.

सैन्यातली 14 वर्षं मी हेलिकॉप्टरच्या देखभालीत काढली. आता कोल्हापुरात ड्रोन चालवतो. उसावर फवारणी, लग्नं, आणि गवा गावाजवळ आला की थर्मल कॅमेरा, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा, घेऊन हजेरी. राधानगरी-दाजीपूरकडचा गवा पंचगंगेकाठच्या उसात उतरतो, आणि तोडणी सुरू झाली की त्याला लपायला रोज एकेक फड कमी होत जातो.

त्या दिवशी तोडणीच्या टोळीला पहाटे गवा दिसला. मला निरोप आला सहाला, आणि परवानगीचे फोन होईपर्यंत साडेआठ. थर्मल खरा पहाटेच. ऊन चढलं की बांध, दगड, मोटारीची पेटी सगळंच पांढरं दिसायला लागतं, त्यात उभ्या उसात पाल्याआडून जनावराचा जेमतेम तुकडा दिसतो. 40 मीटरवरून माझ्या स्क्रीनवर एक पांढरट ठिपका होता. गवा की चुकलेली म्हैस, सांगता येईना.

तोवर जत्रा भरलेली. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा माणसांच्या पाठलागानं धापा टाकत मेला, हे सगळ्यांनी पाहिलंय. तरी मोबाईल वरच.

गर्दीतले एक पुढारी म्हणाले, "मध्य प्रदेशात हेलिकॉप्टरनं काळवीट हाकलून धरले. आपल्याकडं का आणत न्हाईत?"

विषय माझा, मग मी कशाला गप्प बसतोय. म्हटलं, शाजापूरकडं ऑक्टोबर 2025 मध्ये आणलं ते खरं, पण तिथं मोकळं रान होतं आणि हाकणारे याच कामात मुरलेले होते. इथं बांधाबांधाला खांब. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर पंखा वाऱ्यावर फिरत ठेवून उतरवता येतं, पण त्याला हाताशी उंची तरी लागते नाहीतर वेग तरी. जनावरामागं 15 मीटरवर रांगताना दोन्ही नसतात. अमेरिकेत 1937 ते 2000 या काळात कामावर मेलेल्या वन्यजीव कर्मचाऱ्यांची मोजदाद झाली. 91 जण, त्यातले दोनतृतीयांश विमान-हेलिकॉप्टरच्या अपघातात. जनावर वळतं, वैमानिक त्याच्यामागं वळतो, आणि तार तिथंच असते. तार हवेतून दिसत नाही, म्हणून खांब शोधायचे. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं.

हे सगळं बोलून दहा मिनिटंही झाली नसतील.

वनखात्याचे साहेब म्हणाले, "जरा खाली घ्या की, खात्री होऊ दे." 20 वर आणला. शिंगं दिसली. खात्री झाली, साहेबांनी माणसं मागं घ्यायला सांगितली. काम तिथं संपलं होतं. तेवढ्यात गवा उठला आणि सरीतनं चालायला लागला, आणि मी त्याच्यामागं ड्रोन वळवला. 15. 12. 10. तिथून पुढं कुणीच काही सांगितलं नव्हतं. पाठीवरचा उंचवटा, त्यावरचं चिकटलेलं पाचट, सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं.

स्क्रीन गोल फिरली आणि काळी झाली.

ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडवला तिथून. मी उभा होतो नदीकडच्या खालच्या रस्त्यावर, फड चढाला. स्क्रीनवर 10 म्हणजे गव्याच्या डोक्यावर जेमतेम 6. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. पुढचा सेन्सर झाडभिंत ओळखतो, बारीक तार नाही, हेही शिकवतो. मदतीला आणलेल्या पोराला मी नेमलंच होतं स्क्रीन सोडून वर बघायला. तो माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होता. त्याला काय बोलणार?

शेतीपंपाच्या लाइनीत ड्रोन अडकून लोंबत होता. दोन तारा एकमेकींवर आपटून अजून हलत होत्या. खाली वाळलेला पाला, आत गवा, तीन बाजूंनी माणसं. ठिणगी कशी पडली नाही, मला कळेना. फडाचे मालक, सत्तरीचे आबा, शांतपणे म्हणाले, "ह्या आठवड्यात लाईट रातचीच हाय. दिवसा द्या म्हणून आम्ही बोंबलतोय कवापासनं."

मी बांधावर बसलो. आबांनी तांब्या पुढं केला.

गवा रात्री आपला आपण गेला. सकाळी ओल्या सरीत खूर उमटलेले होते, नदीच्या उलट्या दिशेला. लाईनमनने ड्रोन बांबूने काढून दिला. कार्ड शाबूत होतं.

तेवढे शेवटचे काही सेकंद मी किती वेळा पाहिले असतील! तार कुठंच दिसत नाही. खांब दोन्ही दिसतात. डावीकडच्यावर तर बगळा बसलाय.